बांधीव मासिकांतली चित्रं कॉमन्सवर चढवताना नोंद कशी करावी? (सही, ब्लॉक, मथळा, हक्क)

घाटावरची (वाई)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, एलिमेंटरी-इंटरमीजिएटला बसणाऱ्या मुलांचे हात वळवले, आता निवृत्त आहे. आमच्या भागातल्या एका वाचनालयात जुन्या मराठी मासिकांचे बांधीव खंड आहेत, साधारण १९१० ते १९४० या काळातले. खंड उघडला की मांडीवर कागदाचा चुरा पडतो. त्यातल्या कथा-कविता निदान कुणीतरी कधीतरी पुन्हा छापतं. चित्रांचं तसं नाही. कुठल्या अंकात कुठलं चित्र होतं, कुणी काढलं होतं, याची साधी यादीही मला मिळाली नाही. म्हणून वाचनालयाच्या मंडळींची परवानगी घेऊन ही चित्रं विकिमीडिया कॉमन्सवर (विकिपीडियाच्याच परिवारातलं खुल्या चित्रांचं भांडार) चढवायला आणि सोबत विकिडेटात (त्याच परिवारातला माहितीचा साठा) नोंदवायला सुरुवात केली आहे. फोटो काढणं, चढवणं भाचीनं शिकवलं, ते जमतं. अडतं ते नोंदीपाशी.

हात बसावा म्हणून आधी सगळं माहीत असलेलं पुस्तक घेतलं: किंकेडचं ‘डेक्कन नर्सरी टेल्स’, मॅकमिलन, लंडन, १९१४. चित्रं म. वि. धुरंधरांची. श्रावणात आपण वाचतो त्याच या कहाण्या, इंग्रजीत सांगितलेल्या. त्यातली ‘मंडे स्टोरी’ म्हणजे आपली खुलभर दुधाची कहाणी, आणि ‘द लॅम्प्स अँड द किंग्ज डॉटर-इन-लॉ’ म्हणजे दिव्यांच्या अवसेची. इथे चित्रकार, प्रकाशक, वर्ष, पान सगळं हाताशी. तरी पहिला प्रश्न इथेच पडला. छापलेलं शीर्षक इंग्रजी आहे, पण ही चित्रं शोधणारं मराठी माणूस ‘मंडे स्टोरी’ असं कधीच शोधणार नाही. मग कहाणीचं मराठी नाव कुठे लिहू? शीर्षकात घातलं तर पुस्तकात जे नाही ते मी घातल्यासारखं होतं.

मासिकांकडे वळल्यावर खरी पंचाईत सुरू झाली. एक रंगीत पान सांगते. तुळशीपुढे उभी बाई, हातात निरांजन, जांभळ्या नऊवारीला हिरवा काठ. बोटांची ठेवण इतकी चांगली आहे की काढणारा हात नक्की शिकलेला, समोर बसवलेल्या माणसावरून अभ्यास केलेला. हे पान खंडात सुटं सापडलं. उजव्या कोपऱ्यात देवनागरीत सही आहे, पण पहिलं अक्षर ‘ना’ तेवढं दिसतं, पुढचं कापलं गेलंय. डाव्या बाजूला चित्राच्या अगदी कडेला मुंगीएवढ्या रोमन अक्षरांत एक नाव आहे, त्याच्या शेवटी ‘अँड सन्स’. हे चित्रकाराचं नाव धरायचं का? चित्राखाली कवितेच्या दोन ओळी छापल्या आहेत, कवीचं नाव नाही. या ओळींना चित्राचं शीर्षक म्हणू का?

दुसरी अडचण. एकच रेखाचित्र (गाडीवान आणि बैलजोडी) एका खंडात कथेच्या सुरुवातीला आहे आणि पुढच्या काळातल्या दुसऱ्या खंडात लेखाखाली उरलेली जागा भरायला टाकलेलं आहे. दोन फाइली करू की एक? वर्ष कोणतं देऊ?

तिसरी. बांधणी करताना मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं बहुतेक ठिकाणी काढून टाकली आहेत. त्यामुळे अंकाचा महिना कधी कधी फक्त अनुक्रमणिकेवरून कळतो, आणि जिथे तीही नाही तिथे पृष्ठक्रमांकावरून अंदाज करावा लागतो. अंदाज नोंदीत लिहावा का?

आणि हक्कांचं. सही नसलेली चित्रं चढवायला भीती वाटते. एकानं सांगितलं, साठ वर्षं झाली की सगळं खुलं. दुसऱ्यानं सांगितलं, अमेरिकेचा कायदाही बघावा लागतो. आपल्या मासिकाला अमेरिकेचा कायदा का, हेच मला कळलेलं नाही.

शेवटचं. कॉमन्सवर पुष्कळ जण चित्राभोवतीचा कोरा कागद, खालची अक्षरं सगळं छाटून नुसतं चित्र चढवतात. दिसायला ते छान दिसतं. पण मुलांच्या वहीवरचं नाव फाडून चित्र भिंतीवर लावावं तसं मला होतं. तुम्ही काय करता?

---

नोंदवही (पुणे)

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरं त्यावर उभी आहेत. पूर्ण पान चढवा. कागदाच्या चारही कडा दिसू देत, खालची बारीक अक्षरं, पृष्ठक्रमांक, डाग, सगळं. ही तुमची मूळ फाइल. मग हवं तर कॉमन्सवरचं क्रॉपटूल वापरून त्यातूनच छाटलेली प्रत करा. ती वेगळ्या नावानं जतन होते आणि दोन्ही फाइलींच्या पानांवर एकमेकींचा दुवा येतो. विकिपीडियाच्या लेखात सुबक प्रत जाईल, आणि ज्याला पुरावा बघायचाय तो एका टिचकीत पूर्ण पानावर येईल.

हे मी इतक्या आग्रहानं का सांगतोय? जोसेफ फेररचं भारतातल्या विषारी सापांवरचं मोठं सचित्र पुस्तक आहे, १८७२ सालचं. त्यातली चित्रं कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी काढली, अन्नदाप्रसाद बागची त्यांतले एक. आज जालावर त्या जुन्या ग्रंथांतले नाग-घोणस ढिगानं फिरतात, पण खाली नाव असतं ते लेखकाचं. चित्र पानापासून सुटलं की पहिलं गळतं ते काढणाऱ्याचं नाव. त्या काळच्या छापील चित्रांखाली लॅटिन शब्दांची छोटी रूपं असतात: ‘डेल’ म्हणजे रेखाटणारा, ‘पिंक्स’ म्हणजे रंगवणारा, ‘स्कल्प’ म्हणजे कोरणारा, ‘लिथ’ म्हणजे शिळेवर उतरवणारा, ‘इम्प’ म्हणजे छापणारा. एका चित्रामागे तीन-तीन माणसं. ही अक्षरं छाटली की ती तिन्ही गेली.

आता नोंदीबद्दल. मी एकच गोष्ट कटाक्षानं पाळतो: छापलेलं आणि आपण ओळखलेलं कधीही एका रकान्यात टाकायचं नाही. पानावर जे आहे ते जसंच्या तसं, शुद्धलेखनासकट. आपण जे ठरवलं ते वेगळ्या जागी, आणि कशावरून ठरवलं तेही तिथेच.

कहाण्यांना हे असं लागू होतं. शीर्षकाच्या रकान्यात छापील इंग्रजी शीर्षक. वर्णनाच्या रकान्यात मराठीत: ‘खुलभर दुधाच्या कहाणीच्या इंग्रजी कथनासाठी काढलेलं चित्र’. कॉमन्सच्या शोधात वर्णनातले शब्द सापडतात, त्यामुळे मराठी माणूस बरोबर पोचतो. शिवाय फाइलखाली ‘कॅप्शन’ची सोय आहे, ती भाषेगणिक वेगळी भरता येते. मराठी कॅप्शन भरायला विसरू नका, आपल्या फाइलींना ती क्वचितच असते.

तुळशीपुढच्या बाईचं म्हणाल तर कवितेच्या ओळी हे शीर्षक नाही. त्या ‘इन्स्क्रिप्शन’ म्हणजे चित्रावरचा-खालचा मजकूर या गुणधर्मात (विकिडेटातल्या रकान्यात) जशाच्या तशा टाका. सहीही तिथेच: ‘ना…, पुढील अक्षरं कापलेली, उजवा खालचा कोपरा’. डावीकडचं रोमन नावही तिथेच. निर्माता: अज्ञात. उद्या कुणाला पूर्ण सही असलेली दुसरी प्रत सापडली, तर तो तुमची नोंद वाचून दोन्ही जुळवू शकेल. तुम्ही आज ‘बहुधा अमुक’ असं निर्मात्याच्या रकान्यात लिहिलंत, तर महिनाभरात ते ‘बहुधा’ गळून पडतं आणि दहा संकेतस्थळांवर ते सत्य म्हणून जातं. असं होताना मी डोळ्यांनी पाहिलंय.

अंकाचा महिना अंदाजानं काढला असेल तर जरूर लिहा, पण तारखेच्या रकान्यात फक्त वर्ष द्या आणि वर्णनात लिहा: ‘महिना पृष्ठक्रमांकावरून काढला आहे’.

एक वेगळी गोष्ट राहिली. धुरंधरांची पुढची पुस्तकं घेणार असाल तर ऑटो रॉथफील्डच्या ‘विमेन ऑफ इंडिया’शी (१९२०) गाठ पडेल. त्यात बायकांच्या चित्रांना जातीची, धंद्याची नावं दिलेली आहेत. मथळा जसा छापलाय तसा नोंदवायचा, तो त्या काळाचा पुरावा आहे. पण चित्रात काय आहे या ‘डिपिक्ट्स’च्या रकान्यात ‘स्त्री’, ‘घागर’, ‘नऊवारी’, जे डोळ्यांना दिसतं तेवढंच. समोर बसलेली बाई कोण होती हे आपल्याला माहीत नाही. पुस्तकानं लावलेलं लेबल आपण आपल्या शब्दांत तिला पुन्हा लावायचं नाही.

हक्कांबद्दल वेगळा प्रतिसाद लिहितो, ते लांबेल.

---

जुना ब्लॉकमेकर (गिरगाव)

बाई, तुम्ही चित्रकलेच्या, मी ब्लॉकच्या, म्हणजे चित्र छापायच्या धातूच्या ठशांच्या, खात्यातला. ऑफसेट येऊन आमचं खातं बंद पडेपर्यंत हेच केलं. तुमच्या तीन प्रश्नांना मी उपयोगी पडेन असं वाटतं.

‘अँड सन्स’ हे चित्रकाराचं नाव नाही असंच धरून चाला. ते ब्लॉक करणाऱ्यांचं नाव. कलकत्त्याच्या उपेंद्रकिशोर राय यांच्या ‘यू. रे अँड सन्स’चं नाव तिकडच्या मासिकांत रंगीत चित्रांखाली असायचं, तसंच हे. आमच्या धंद्यात कारखान्याचं नाव ब्लॉकच्या कडेला कोरायची पद्धत होती. चित्रकाराची सही चित्राच्या आत असते, रंगांत मिसळलेली, आणि चित्राबरोबर तिचेही ठिपके पडतात. कारखान्याचं नाव कडेला, सरळ, स्वच्छ रेघेत. भिंग लावून बघा. अक्षर ठिपक्यांचं बनलंय की सलग रेघेचं, यावरून लगेच कळेल. पण ते नाव टाकून देऊ नका. रंगीत चित्राला पिवळा, तांबडा, निळा असे तीन ब्लॉक लागत, तिन्हीसाठी वेगळ्या काचेतून वेगळी निगेटिव्ह, तांब्याच्या पत्र्यावर ॲसिडनं खोदाई, आणि मग फाइन एचिंग करणारा माणूस ब्रशनं एकेक जागा झाकत चेहऱ्याचा उजेड सांभाळायचा. त्या बाईची बोटं तुम्हाला एवढी आवडली, त्यात थोडा वाटा त्या माणसाचाही आहे. त्याचं नाव कुठेच नसतं, निदान कारखान्याचं राहू द्या.

सही कुठे कापली गेली तेही कळू शकतं. कापलेल्या सहीच्या पुढे कोरा कागद शिल्लक आहे का? असेल तर ब्लॉक करतानाच, चित्र पानाच्या मापात बसवताना ती कापली. मग दुसरी कुठलीही प्रत शोधलीत तरी पूर्ण सही मिळणार नाही, मूळ चित्रच शोधावं लागेल. चित्र थेट कागदाच्या कडेला जाऊन भिडत असेल, तर बाइंडरनं कटिंग मशीनवर खंडाच्या कडा मारल्या तेव्हा ती गेली. मग दुसऱ्या वाचनालयातला न कापलेला सुटा अंक मिळाला तर सही मिळेल. हा फरक नोंदीत जरूर लिहा, शोधणाऱ्याची पायपीट वाचेल.

गाडीवान-बैलजोडीचं. आम्ही ब्लॉक सागवानी लाकडावर ठोकून छपाईच्या खिळ्यांच्या (अक्षरांच्या टाइपाच्या) उंचीचे करायचो आणि काम झालं की ते छापखान्याच्या मांडणीवर जायचे. मजकूर कमी पडला, पानाला खाली जागा उरली, की फोरमन मांडणीवरून हाताला येईल तो ब्लॉक काढून फर्म्यात, म्हणजे छपाईला जुळवलेल्या पानांच्या चौकटीत, बसवायचा. उसने ब्लॉकही चालत, या छापखान्यातून त्या छापखान्यात. तेव्हा दुसऱ्यांदा छापलेल्या पानाचं वर्ष हे चित्राचं वर्ष नाही.

तोच ब्लॉक आहे की दुसरा, हे बघायला पट्टी घ्या. माप अगदी तेच आहे का? एखादी रेघ दोन्हीकडे त्याच जागी तुटलेली आहे का? असेल तर ब्लॉक तोच. दुसऱ्या वेळी रेघा जाड, भरल्यासारख्या दिसतील, कारण ब्लॉक झिजलेला. माप वेगळं असेल तर नवा ब्लॉक. आणि हाफटोन (बारीक ठिपक्यांनी छटा दाखवणाऱ्या) चित्रात ठिपक्यांवर ठिपके येऊन कापडावरच्या लहरींसारखी नक्षी दिसली, तर छापील चित्रावरूनच पुन्हा ब्लॉक केलाय, मूळ चित्र त्यांच्या हाती नव्हतं.

फोटो काढताना एवढं करा. पान काचेखाली दाबू नका, त्या काळच्या आर्टपेपरचा थर सुटतो. आणि कोपऱ्याचा, सहीचा आणि कारखान्याच्या नावाचा जवळून वेगळा फोटो घ्या.

---

घाटावरची

काका, तुमचा प्रतिसाद वाचून आज भिंग घेऊनच बसले. चित्र कागदाच्या कडेला भिडतंय, पुढे कोरा कागद नाही. म्हणजे सही बाइंडरच्या पात्याखाली गेली. डावीकडचं नाव सलग रेघेत आहे, एकही ठिपका नाही. सहीच्या ‘ना’च्या कान्यात मात्र तांबडे-निळे ठिपके स्पष्ट दिसतात. तांबडा ब्लॉक किंचित सरकलाय, त्यामुळे ओठांचा रंग ओठांच्या बाहेर आलाय. हे मी आधीही पाहिलं होतं, पण चित्रकाराच्या ब्रशची चूक समजत होते.

बैलजोडीचं माप दोन्हीकडे तेच, आणि चाकाचा एक आरा दोन्हीकडे मधोमध तुटलेला. ब्लॉक तोच.

नोंदवही, तुमचं छापलेलं-ओळखलेलं वेगळं ठेवायचं मला पूर्ण पटलं. एक शंका. बैलजोडीच्या दोन पानांच्या दोन फाइली करते, पण या दोघी एकाच चित्राच्या आहेत हे कसं दाखवू? आणि कथेचा लेखक मोठा, नावाजलेला आहे. फाइलीचं नाव त्याच्या कथेवरून द्यावं असं भाची म्हणते, म्हणजे लोक शोधतील. मला ते बरोबर वाटत नाही. चित्रकाराचं नाव आधीच माहीत नाही, त्यात त्याचं चित्र दुसऱ्याच्या नावानं ओळखलं जाणार.

---

नोंदवही (पुणे)

दोन फाइली, आणि प्रत्येकीच्या ‘इतर आवृत्त्या’ या रकान्यात दुसरीचा दुवा. जुन्या फाइलीत लिहा: ‘आपल्याला ज्ञात असलेली सर्वांत आधीची छपाई’. ‘पहिली छपाई’ असं लिहू नका, त्याच्याही आधीचा अंक उद्या कुठे निघेल. दुसरीत: ‘त्याच ब्लॉकवरून पुन्हा छापलेलं, चाकाचा आरा त्याच जागी तुटलेला’. काकांनी शिकवलेली ही खूण नोंदीत असणं फार मोलाचं आहे.

फाइलीच्या नावाबद्दल तुमचंच बरोबर. नाव मासिक, वर्ष, पान आणि चित्रात काय दिसतं यावरून द्या. कथा आणि लेखक वर्णनात येतील, शोधणाऱ्याला तिथूनही सापडेल.

आता हक्क. ताई, कॉमन्सचा नियम असा की चित्र मूळ देशात खुलं हवं आणि अमेरिकेतही, कारण सर्व्हर तिथे आहेत. दोन्ही गणितं वेगळी.

भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं, आणि पुढच्या १ जानेवारीला चित्र खुलं. धुरंधर १९४४ मध्ये गेले, त्यांचं काम इथे १ जानेवारी २००५ पासून खुलं. चित्रकार अज्ञात असेल तर प्रकाशनापासून साठ वर्षं.

अमेरिकेत प्रकाशनापासून ९५ वर्षं पुरी झाली की झालं. १९१४ ची कहाण्यांची चित्रं त्यामुळे निर्धोक. त्यानंतरच्या छपाईसाठी एक तारीख लक्षात ठेवायची: १ जानेवारी १९९६. त्या दिवशी जे भारतात खुलं होतं ते अमेरिकेतही खुलंच राहिलं. जे इथे हक्काखाली होतं त्याला तिथे ९५ वर्षांचं संरक्षण परत मिळालं. आपल्याकडे मुदत आधी पन्नास वर्षं होती, १९९१ च्या अखेरीस ती साठ झाली, पण तोवर खुलं झालेलं पुन्हा बंद झालं नाही. हिशेब केलात तर १९४० पर्यंत गेलेल्या चित्रकारांची, आणि १९४१ पूर्वी छापलेली अनामिक चित्रं या तारखेला खुली होती. तुमच्या खंडांचा काळ बघता सही नसलेली बहुतेक चित्रं यात बसतात.

अनामिक चित्रकाराचं नाव उद्या कळलं तर हिशेब बदलू शकतो, म्हणून ‘अज्ञात’ लिहिण्याआधी अनुक्रमणिका, संपादकीय, वर्षअखेरची सूची नीट बघा. पुष्कळ मासिकं चित्रकाराचे आभार संपादकीयात मानत. आणि लक्षात घ्या, छापून ९५ वर्षं पुरी न झालेली धुरंधरांची चित्रं इथे खुली असून तिथे खुली नाहीत. १९४० सालचं चित्र असेल तर ते अमेरिकेत १ जानेवारी २०३६ ला खुलं होईल.

---

थेम्सकाठ (रेडिंग, इंग्लंड)

मध्येच बोलतेय. नोंदवही, तुम्ही ठरावीक वर्ष न देता ‘९५ वर्षं पुरी न झालेली’ असं लिहिलंत ते बरं केलंत, नाहीतर लोक तेच वर्ष कायमचं धरून बसतात. दर १ जानेवारीला ही सीमा एकेक वर्षानं पुढे सरकते.

घाटावरची ताई, माझी एक सूचना. ज्यांची चित्रं चढवता येणार नाहीत त्यांचीही नोंद करा. वाचनालयात पुढच्या काळातले दिवाळी अंक असतीलच. दीनानाथ दलाल १९७१ मध्ये गेले, म्हणजे त्यांची मुखपृष्ठं भारतातच १ जानेवारी २०३२ ला खुली होणार. रघुवीर मुळगावकर १९७६ मध्ये गेले, त्यांची २०३७ ला. तोपर्यंत थांबलो तर कागद थांबणार नाही. चित्र नसलं तरी अमुक मासिकाचा अमुक वर्षाचा अंक, मुखपृष्ठ अमुक चित्रकार, ही माहिती विकिडेटात आज घालता येते. माहितीवर हक्क नसतो. अंकाची एक नोंद करून तिला चित्रकाराचा गुणधर्म जोडा, आणि नाव कुठे छापलंय ते संदर्भात: ‘अनुक्रमणिकेचं पान’ किंवा ‘मुखपृष्ठावर सही’. खुलं होण्याचा दिवस येईल तेव्हा काय शोधायचं याची यादी तयार असेल.

मी इथे ‘बायवेज ऑफ बॉम्बे’ची १९१२ ची प्रत बघून आलेय. लेखक एडवर्ड्स तेव्हा मुंबईचे पोलीस कमिशनर, चित्रं धुरंधरांचीच. तुम्ही कहाण्यांचं पुस्तक नोंदवताय तर मी याचं करते, तुमच्याच पद्धतीनं: पूर्ण पान, कडांसकट, सही कुठल्या कोपऱ्यात आणि सोबत साल आहे का ते पाहून. धुरंधरांच्या सह्या सालांसकट एकत्र झाल्या तर सही असलेली पण साल नसलेली त्यांची चित्रं शेजारी ठेवून बघता येतील.

---

घाटावरची

थेम्सकाठ, फार आनंद झाला. सहीचं अक्षर वयाबरोबर बदलतं, मुलांच्या वह्यांतही मी ते पाहिलंय, त्यामुळे साल असलेल्या सह्यांचा संग्रह हवाच. माझ्या पुस्तकातल्या सह्यांचे जवळून घेतलेले फोटो या आठवड्यात चढवते.

तुळशीच्या चित्राची नोंद आत्ता अशी केली आहे, चुकत असेल तर सांगा:

शीर्षक: नाही. वर्णन: तुळशीवृंदावनापुढे निरांजन घेऊन उभी स्त्री, तीन रंगांतलं हाफटोन चित्र, मासिकाच्या बांधीव खंडात सुटं सापडलेलं पान, हे पान याच मासिकाचं आहे याला खंडाखेरीज दुसरा पुरावा नाही. चित्रावरचा मजकूर: खाली कवितेच्या दोन ओळी (जशाच्या तशा दिल्या आहेत), उजवीकडे खाली सही ‘ना…’, पुढची अक्षरं खंडाच्या कडा कापताना गेली, डावीकडे कडेला ब्लॉक करणाऱ्यांचं नाव. निर्माता: अज्ञात. ब्लॉक: कारखान्याचं नाव जसं छापलंय तसं. तारीख: खंडाचं वर्ष, महिना माहीत नाही.

कागदाची मागची बाजूही चढवली. कोरी आहे, पण डाव्या कडेला जुन्या शिवणीची भोकं आहेत.

---

जुना ब्लॉकमेकर (गिरगाव)

बाई, नोंद चोख आहे. त्या भोकांमधलं अंतर मोजा आणि खंडातल्या बाकीच्या फर्म्यांच्या (एकत्र घडी घालून शिवलेल्या पानांच्या जुड्यांच्या) शिवणीशी लावून बघा. जुळलं तर पान याच खंडातलं. कडेला शिवणीऐवजी खळीचा पट्टा दिसला तर रंगीत पान वेगळं छापून नंतर चिकटवलेलं असणार. मग समोरच्या कुठल्यातरी पानावर त्याच रुंदीचा खळीचा डाग सापडेल, आणि तो पृष्ठक्रमांक कळला की महिनाही कळेल.